राजधानी केवढी? आधी हद्द विचारा

राज्यांच्या राजधान्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. बहुतेक पत्रं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधली आहेत. काही शाळांतून आली आहेत, काही स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांकडून. वेगळं साल दिलेलं नसेल तिथे आकडे २०११ च्या जनगणनेचे धरावेत. घरोघर जाऊन केलेली शेवटची मोजणी तीच.

प्रश्न : मुलीच्या एका पुस्तकात मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख दिली आहे, तर दुसऱ्यात १ कोटी ८४ लाख. दोन्ही ठिकाणी साल २०११ आहे. परीक्षेत कोणती लिहायची? (देवगड)

दोन्ही बरोबर आहेत. एका पुस्तकाने बृहन्मुंबई महापालिकेची हद्द धरली, दुसऱ्याने मुंबईचा नागरी समूह धरला.

महापालिकेच्या हद्दीत दोन जिल्हे येतात. मुंबई शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार माणसं होती. बेरीज १ कोटी २४ लाख ४२ हजार. ही हद्द उत्तरेकडे पश्चिम उपनगरांत दहिसरला आणि पूर्व उपनगरांत मुलुंडला संपते. १९५० आणि १९५७ अशी दोनदा ती उत्तरेकडे सरकवली गेली, त्यानंतर आजतागायत ती जवळपास तिथेच आहे.

नागरी समूह म्हणजे एकमेकांना लागून सलग पसरलेली शहरवस्ती, मग मध्ये नगरपालिकांच्या कितीही सीमा असोत. जनगणनेने मुंबईच्या समूहात ठाणे (१८.४ लाख), कल्याण-डोंबिवली (१२.५), नवी मुंबई (११.२), मीरा-भाईंदर (८.१), उल्हासनगर (५.१), अंबरनाथ (२.५) आणि बदलापूर (१.७) धरलं. ही झाली साडेएकोणसाठ लाख. त्यात मुंबईचे १२४.४ लाख मिळवा, म्हणजे १ कोटी ८४ लाखांचा हिशेब जुळतो. मुलीला ही बेरीज एकदा वहीत करू द्या, मग दोन्ही आकडे तिच्या कायमचे लक्षात राहतील.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. वसई-विरार या समूहात नाही. खाडीपलीकडचं ते शहर जनगणनेने १२ लाख २२ हजारांचं स्वतंत्र शहर म्हणून मोजलं. भिवंडीही वेगळीच मोजली. दिवा-सावंतवाडी गाडीने दिव्याला उतरणारा आणि नालासोपाऱ्यात बिऱ्हाड असलेला, या दोघांबद्दलही गावात 'मुंबयक असता' असंच सांगतात. जनगणनेच्या तक्त्यात पहिला ठाणे महापालिकेत येतो, म्हणून १ कोटी ८४ लाखांत धरला जातो. दुसरा त्या आकड्यात नाही.

परीक्षेत प्रश्न 'बृहन्मुंबई महानगरपालिका' असा असेल तर १ कोटी २४ लाख लिहा, 'महानगर' किंवा 'नागरी समूह' असा असेल तर १ कोटी ८४ लाख. नुसतं 'मुंबई' विचारलं असेल तर आकड्यापुढे कंसात हद्दीचं नाव लिहावं.

प्रश्न : मग कोलकाता आणि चेन्नई मुंबईच्या मानाने केवढी? (रोहा)

महापालिकांची तुलना केली तर कोलकाता पार मागे पडतं. मुंबई १२४ लाख, कोलकाता ४५ लाख. नागरी समूह धरले की चित्र पालटतं. मुंबई १८४ लाख, कोलकाता १४१ लाखांच्या आसपास. कोलकात्याची महापालिका क्षेत्राने लहान आहे, आणि हुगळीच्या पलीकडचं हावडा ही वेगळी महापालिका आहे. तिथलं महानगर चाळीसच्या आसपास लहानमोठ्या नगरपालिकांत विभागलेलं आहे. मुंबईने आपली उपनगरं १९५० च्या दशकातच पोटात घेतली, कोलकात्याने तसं फारसं केलं नाही. तिथल्या माणसांची संख्या त्यामुळे कमी होत नाही, फक्त ती वेगवेगळ्या वह्यांत नोंदली जाते.

चेन्नईच्या बाबतीत तारीख बघावी लागते. २०११ च्या मोजणीत महापालिकेचं क्षेत्र १७५ चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकसंख्या ४६.५ लाख होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हद्द ४२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवली. त्याच मोजणीतली माणसं नव्या हद्दीत धरली तर संख्या ६७ लाखांच्या जवळ जाते. म्हणून चेन्नईचे दोन आकडे दिसले तर एकाला छापखान्याची चूक समजू नका.

प्रश्न : पणजीपेक्षा आमची रत्नागिरी मोठी आहे, हे खरं का? मग पणजी महानगरपालिका आणि रत्नागिरी नगरपरिषद, असं का? (रत्नागिरी)

खरं आहे. पणजी महापालिकेच्या हद्दीत ४० हजार माणसं होती आणि रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत ७६ हजार. चिपळूण (५५ हजार) सुद्धा पणजीच्या पुढे आहे. सावंतवाडी (२४ हजार) मात्र नाही.

नगरपरिषद, महानगरपालिका ही नावं प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देतं. महाराष्ट्रात महापालिका होण्यासाठी साधारणपणे ३ लाख लोकसंख्या लागते. ४० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपरिषदा 'ब' वर्गात येतात, रत्नागिरी त्यातच आहे. गोव्याने राजधानी म्हणून पणजीला महापालिकेचा दर्जा दिला. दोन राज्यांतल्या शहरांची तुलना करताना नावामागचा दर्जा बाजूला ठेवावा, तो आकार सांगत नाही.

पणजीची अडचण जागेची आहे. उत्तरेला मांडवी, आजूबाजूला खाड्या आणि खाजण, मधोमध आल्तिनोची टेकडी. त्यामुळे शहर आपल्या हद्दीबाहेर वाढलं. ताळगाव बाहेर, पर्वरीही बाहेर. गोव्याची विधानसभा पर्वरीत आहे, म्हणजे राजधानीची विधानसभाच राजधानीच्या महापालिकेत नाही. नागरी समूह धरला तर पणजी १ लाख १४ हजारांवर जाते. तरीही मुरगाव नगरपालिका (९४ हजार, वास्को यातच) आणि मडगाव (८८ हजार) या दोन्ही नगरपालिका पणजी महापालिकेपेक्षा मोठ्याच आहेत.

गोव्यातल्या दर १०० माणसांपैकी ६२ शहरी भागात राहतात. रत्नागिरी जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे १६ आहे, सिंधुदुर्गात जेमतेम १३. गोव्यातलं शहरीपण मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा असं वाटलं गेलं आहे, राजधानीत साचलेलं नाही. पणजी लहान राहिली त्याचं हे कारण जागेच्या अडचणीइतकंच मोठं आहे.

रत्नागिरीकरांनी आपलाही हिशेब याच पट्टीने लावावा. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे इथली वस्ती शहराला लागून आहे, पण ती ग्रामपंचायतींत मोजली जाते. पणजीसाठी ताळगाव धरायचं असेल तर रत्नागिरीसाठी कुवारबावही धरायला हवं.

प्रश्न : ज्या राज्यांत राजधानी हे सर्वांत मोठं शहर नाही, अशी राज्यं कोणती? प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी मिळते. (सावंतवाडी, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

याद्या जुळत नाहीत, कारण काही राज्यांत उत्तर हद्दीवर अवलंबून आहे. आधी वाद नसलेली राज्यं घेऊ.

गुजरात : अहमदाबाद ५५.८ लाख, गांधीनगर २ लाखांच्या थोडं वर. मध्य प्रदेश : इंदूर साडेएकोणीस लाखांच्या वर, भोपाळ १८ लाख. नागालँड : दिमापूर १ लाख २३ हजार, कोहिमा ९९ हजार. गोवा वर आलंच आहे, पण तिथे नगरपालिकांची हद्द धरली तरच; नागरी समूह धरला तर पणजीच पुढे. पंजाबात लुधियाना १६ लाखांचं, हरयाणात फरिदाबाद १४ लाखांचं, आणि दोघांची राजधानी चंदीगड साडेनऊ लाखांच्या थोडं वर. शिवाय चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश असल्याने ते या दोन्हींपैकी कुठल्याच राज्यात नाही. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणम सर्वांत मोठं, अमरावती अजून उभी राहते आहे.

आता वादाची राज्यं. उत्तर प्रदेशात महापालिका धरली तर लखनौ (२८.२ लाख) कानपूरच्या (२७.७ लाख) पुढे आहे. नागरी समूह धरला तर कानपूर (२९.२ लाख) लखनौच्या (२९ लाख) किंचित पुढे जातं. केरळात महापालिका म्हणून तिरुवनंतपुरम कोचीपेक्षा मोठं, पण समूह म्हणून कोची २१ लाखांचं आणि तिरुवनंतपुरम १७ लाखांचं. झारखंडमध्ये रांची दोन्ही मोजमापांत पहिली नाहीच. महापालिकेत धनबाद पुढे, समूहात जमशेदपूर. परीक्षेच्या पर्यायांत लखनौ किंवा तिरुवनंतपुरम असेल तर आधी प्रश्नातला 'महानगर' किंवा 'महापालिका' हा शब्द शोधा.

दिसपूरचं उत्तर वेगळ्या प्रकारचं आहे. दिसपूर हा गुवाहाटी शहराचाच एक भाग. आसामची राजधानी दिसपूर, पण तुलनेच्या तक्त्यात आकडा गुवाहाटीचा (९.६ लाख) घ्यावा लागतो.

राजधानी आणि मोठं शहर वेगळं असणं कोकणाला नवीन नाही. रायगडचं मुख्यालय अलिबाग २१ हजारांचं, आणि पनवेल नगरपरिषद असतानाच १ लाख ८० हजारांचं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, तेव्हा मुख्यालयासाठी ओरोसला नवी वसाहत उभारली. कुडाळ किंवा सावंतवाडीत कचेऱ्या नेल्या नाहीत. गुजरातने १९६० नंतर अगदी हेच केलं. दहा वर्षं कारभार अहमदाबादेतून चालला आणि मग तो साबरमतीकाठी आखलेल्या गांधीनगरात गेला. कारभारासाठी आखलेल्या शहरात कचेऱ्या आणि कर्मचाऱ्यांची घरं आधी येतात. बाजारपेठ आणि कारखाने जुन्या शहरातच राहतात, आणि माणसं पोटामागे तिथेच जातात.

प्रश्न : नववीच्या वर्गाकडून राजधान्यांच्या तुलनेचा तक्ता करून घ्यायचा आहे. स्तंभालेख काढला तर मुंबईचा स्तंभ कागदाबाहेर जातो आणि लहान शहरं दिसतच नाहीत. काय करावं? (शिक्षिका, चिपळूण)

१० लाखाला १ सेंटीमीटर धरलं तर मुंबईचा स्तंभ १२.४ सेंटीमीटर होतो आणि इटानगरचा (५९ हजार) अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मुंबई इटानगरच्या २०९ पट आहे, तेव्हा कोणतंही प्रमाण घेतलं तरी एक टोक हरवणारच. स्तंभांऐवजी वर्तुळं घ्या.

वर्तुळात लोकसंख्या क्षेत्रफळाने दाखवायची, म्हणून त्रिज्या लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवी. मुंबईची त्रिज्या १० सेंटीमीटर धरा. दुसऱ्या शहराची लोकसंख्या मुंबईच्या लोकसंख्येने भागा, भागाकाराचं वर्गमूळ काढा आणि १० ने गुणा. बंगळुरू (८४.४ लाख) ८.२ सेंटीमीटर येतं, लखनौ ४.८, ऐझॉल (२.९ लाख) दीड, गांधीनगर १.३, आणि पणजी साडेपाच-सहा मिलिमीटर. पणजी लहान दिसते, पण दिसते. मुंबईच्या वर्तुळाला २० सेंटीमीटर व्यास लागतो. तो वहीच्या पानावर मावणार नाही, म्हणून कार्डशीट आणावं. वर्तुळं कापून एकात एक ठेवली तर मुलांना पटकन कळतं.

मुलं हमखास एक चूक करतात. वर्गमूळ न काढता त्रिज्याच लोकसंख्येच्या प्रमाणात घेतात. लखनौ मुंबईच्या साडेचौथ्या भागाच्या आसपास आहे. त्रिज्या तशी घेतली तर वर्तुळाचं क्षेत्रफळ विसाव्या भागाइतकं होतं आणि लखनौ उगाचच खेडं वाटायला लागतं. तपासायला सोपा उपाय म्हणजे चौकटींचा कागद वर्तुळावर ठेवून चौकटी मोजायच्या.

आकडे जमवताना सर्व शहरांसाठी एकच साल आणि एकाच प्रकारची हद्द घ्या. महापालिका तर सगळीकडे महापालिका. आंध्रच्या अमरावतीची जागा रिकामी ठेवा. २०११ मध्ये ती राजधानी नव्हतीच, आणि तिथे विदर्भातल्या अमरावतीचा आकडा तर चुकूनही जाऊ देऊ नका. तेलंगण २०१४ मध्ये झालं, पण जनगणनेच्या पुस्तकात हैदराबाद अविभाजित आंध्रात सापडेल.

तक्त्यात आणखी एक रकाना जरूर ठेवा : राज्यातल्या दर १०० माणसांपैकी राजधानीत किती. आमच्या मते सगळ्या तक्त्यात हाच रकाना सर्वांत बोलका. ऐझॉलमध्ये मिझोरमची जवळजवळ २७ टक्के माणसं राहतात. हैदराबादेत तेलंगणची सुमारे १९ (अविभाजित आंध्राच्या साडेआठ कोटींनी भागलं तर हे ८ वर येईल, तिथे सांभाळा). मुंबईत महाराष्ट्राची ११, पणजीत गोव्याची पावणेतीन, लखनौत उत्तर प्रदेशची १.४, आणि गांधीनगरात गुजरातची ०.३४. ऐझॉलचं वर्तुळ मुंबईपुढे नाण्याएवढं असतं, पण मिझोरमसाठी ते शहर महाराष्ट्रातल्या मुंबईपेक्षा कितीतरी भारी आहे. चंदीगडसाठी हा रकाना भरता येणार नाही, तिथे रेघ मारावी.

प्रश्न : क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेलं असं वाचलं. मग पुणे मोठं की मुंबई? (मालवण)

बाग केवढी असं विचारलं तर कुणी गुंठे सांगतो, कुणी कलमं सांगतो. इथेही तसंच आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतल्यावर पुणे महापालिका ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली. मुंबई महापालिकेचं क्षेत्र ४३७.७१ चौरस किलोमीटर असं छापलेलं आढळतं. त्यामुळे जमिनीने पुणे पुढे, माणसांनी मुंबई जवळजवळ चौपट.

मुंबईच्या क्षेत्रफळाचा आणखी एक आकडा मिळतो, ६०३. हे दोन जिल्ह्यांचं क्षेत्र आहे, १५७ अधिक ४४६. घनता काढताना कोणता भाजक घेतला हे लिहिलंच पाहिजे. ६०३ ने भागलं तर चौरस किलोमीटरला २० हजार ६०० माणसं येतात, ४३७.७१ ने भागलं तर २८ हजार ४००. पुण्याबाबत आणखी मोठी चूक होते. २०११ ची लोकसंख्या (३१ लाख) घेऊन ती २०२१ नंतरच्या क्षेत्राने भागली जाते. त्या लोकसंख्येला २०११ चंच क्षेत्र, सुमारे २५० चौरस किलोमीटर, लावायला हवं. नाहीतर घनता निम्मी दिसते.

प्रश्न : आमच्या गावची अर्धी घरं बंद आहेत, सगळे मुंबईला. तरी मुंबई शहराची लोकसंख्या घटली असं वाचलं. मग माणसं गेली कुठे? (लांजा)

२००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या आत. मुंबई शहर ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आणि कचेऱ्या आल्या. लालबाग-परळच्या खोल्या विकून माणसं उपनगरांत आणि त्याही पलीकडे गेली. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच) याच दहा वर्षांत २९ लाखांची भर पडली, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाख.

गावची घरं रिकामी झाली ती या पट्ट्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, कारण मोजणीच्या वेळी कमावते पुरुष दुसऱ्या जिल्ह्यांच्या वहीत होते. शिमग्याला किंवा गणपतीत मोजणी झाली असती तर हा आकडा वेगळा आला असता.

प्रश्न : गंगटोक दहा वर्षांत तिप्पट कसं झालं? (खेड)

२००१ मध्ये २९ हजार आणि २०११ मध्ये १ लाख. एवढी माणसं बाहेरून आली असं समजू नका. मधल्या काळात शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूच्या वस्त्या शहरात मोजल्या गेल्या. दहा वर्षांत दुपटीहून जास्त वाढ दिसली की आधी हद्द बदलली का ते पाहायचं.

प्रश्न : २०११ नंतरचे आकडे वापरायचे असतील तर? (दापोली)

संकेतस्थळांवर दिसणारे 'आजची लोकसंख्या' हे आकडे अंदाज असतात. जुन्या वाढीचा दर पुढे ओढून ते काढलेले असतात, आणि बहुतेकदा हद्द कोणती हे लिहिलेलं नसतं. तक्त्यात वापरले तर सगळ्या शहरांसाठी एकाच ठिकाणचे घ्या आणि 'अंदाज' हा शब्द लिहा. अर्धी शहरं जनगणनेतून आणि अर्धी अंदाजातून घेतली तर तो तक्ता टाकून द्यावा लागेल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे (बर्फाळ प्रदेशात १ ऑक्टोबर २०२६). तिचे आकडे आले की जुन्याशी तुलना करताना बंगळुरूजवळ थांबावं लागेल. २०११ मध्ये तिथे एकच महापालिका होती. २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका आल्या, वर ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण. ८४ लाखांशी ताडून बघायचं असेल तर पाचही महापालिकांची बेरीज करावी लागेल, आणि त्यात जुन्या हद्दीबाहेरची गावं आली आहेत का ते नकाशावर तपासावं लागेल.